काट्यावरचं पोरगं मला हिशेब शिकवतं! कामाच्या रगाड्यात तुम्ही शिकायला वेळ कधी काढता?

मांजराकाठ (सोमवार, रात्री 11.20)

राम राम मंडळी. मी इथं बहुतेक वेळा वाचून निघून जाणारा माणूस. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून धागा काढायलोय.

औसा तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सहाशेच्या वर सभासद, एक गोदाम, एक चाळणी यंत्र, एक काटा. सोयाबीन, तूर, हरभरा घेतो, थोडं बियाणंही करतो. मी अध्यक्ष. म्हणजे ज्याचा फोन कधीच बंद नसतो तो माणूस.

परवा एक ट्रॉली आली. ओलावा मोजला, 16 टक्के. आमचं ठरलेलं आहे की 12 च्या वर जितके टक्के तितके किलो क्विंटलमागं कापायचे. मी म्हणालो, "चार काप." काट्यावर बसणारं पोरगं 22 वर्षांचं, मुक्त विद्यापीठातून बीकॉम करायलंय. त्यानं पावती फाडली नाही. पेन तसंच धरून बसलं. म्हटलं काय झालं? तर म्हणालं, "अध्यक्ष, चार नाही होत. साडेचार होतात." आणि काटापावती उलटी करून मागं लिहून दाखवलं. शंभर किलो मालात 16 किलो पाणी, म्हणजे कोरडा माल 84. वाळून ओलावा 12 वर आला की हेच 84 किलो म्हणजे मालाचे 88 टक्के. मग माल उरला किती? 84 भागिले 0.88, म्हणजे 95.45. घट साडेचार किलो. पाणी गेलं की एकूण वजनही उतरतं, त्यामुळं टक्का ज्या आकड्यावर काढायचा तो आकडाच बदलतो.

तीन हंगाम आम्ही चारच कापत आलो. असला 400 क्विंटल माल धरला तर दोन क्विंटलच्या वर फरक, 4,200 च्या भावानं नऊ हजार. पैशाचं जाऊ द्या. मी त्याला विचारलं, तुला हे कधीपासून माहीत? म्हणालं, "पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. पण तुम्ही गडबडीत असता."

हे 'गडबडीत असता' डोक्यातून जाईना.

दुसरी गोष्ट याहून लाजेची. वार्षिक सभेनंतर 30 दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म भरायचा असतो आणि 60 दिवसांत वार्षिक विवरण. चुकलं की प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये. माझी डिजिटल सही लेखापालाच्या कपाटात, मी बिनघोर. दोन्ही फॉर्म राहिले. एकाला 160 दिवस, दुसऱ्याला 130. घाला बेरीज. लेखापालावर चिडलो खरा, पण सभेत एका सभासदानं विचारलं, "अध्यक्ष, तुम्हाला तारीख माहीत होती का?" माहीत नव्हती.

आता वेळेचं. पहाटे पाचला पहिला फोन, बहुतेक बोअरचा नाहीतर बारदान्याचा. दिवसभर गोदाम, बँक, तहसील. त्यात आमच्याकडं अध्यक्ष म्हटलं की कुणाचं मयत, दहावा, साखरपुडा, बारसं चुकवता येत नाही. लग्नसराईत दिवसाला चार मांडव. जूनमध्ये शेतमाल व्यवस्थापनाचा एक ऑनलाइन कोर्स लावला होता, तिसऱ्या व्हिडिओवर आहे. कुठला जून ते विचारू नका.

तर माझ्यासारखे जे काही ना काही चालवतात, शाळा, दवाखाना, कारखाना, बचत गट, ते शिकायला वेळ काढता का? कधी? खरं सांगा, भाषण नको.


बीडकर_पुण्यात (सोमवार, रात्री 11.52)

दादा, नमस्कार. मी इकडं आयटीत आहे, चाळीस जणांची टीम सांभाळतो. माझा अनुभव सांगतो. कॅलेंडरमध्ये रोज सकाळी सहा ते सात ब्लॉक करून ठेवायचं, त्या वेळेत मीटिंग नाही, फोन नाही. आठवड्याला पाच तास होतात. महिन्याला एक विषय. सुरुवातीला जड जातं, मग सवय लागते.


तिरकस_बाण (मंगळवार, सकाळी 7.05)

आमच्याकडं कॅलेंडर भिंतीवर असतं आणि त्यावर दुधाचा हिशेब असतो. सहा ते सात तिथं म्हैस ब्लॉक केलेली आहे.


बीडकर_पुण्यात (मंगळवार, सकाळी 7.30)

हाहा, मान्य. म्हैस हलवू नका.


वाळूज_लेथ (मंगळवार, दुपारी 2.15)

मांजराकाठ, तुमचं वाचून अंगावर काटा आला. कारण तेच.

वाळूजला माझं छोटं युनिट आहे, वाहनांचे सुटे भाग टर्निंग करून देतो. लेथवर हेल्पर म्हणून लागलो होतो, आज स्वतःच्या सहा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन आहेत. मध्ये एका ग्राहकाचा क्वालिटी इंजिनिअर आला. ड्रॉइंगवर एका चौकटीत छोटा गोल, त्यात क्रॉस, पुढं 0.05 आणि शेवटी गोलात 'एम'. तो काहीतरी बोलत होता, मी मान डोलावत होतो. अठरा वर्षं मी ही चिन्हं बघतोय आणि अठरा वर्षं माझा सुपरवायझर ती वाचतोय. त्या दिवशी सुपरवायझर रजेवर होता. मी 'हो हो, होऊन जाईल' म्हणून भाव दिला. नंतर कळलं की त्या 'एम'मुळं आपल्याला जास्तीची सूट मिळत होती. भोक मोठं झालं तर तेवढी जागेची चूक चालते. म्हणजे मी अवघड समजून भाव चढा लावला आणि काम दुसऱ्याला गेलं.

वेळ नव्हता म्हणून शिकलो नाही असं मी वर्षानुवर्षं सांगायचो. खोटं होतं ते. मालकाला ड्रॉइंग वाचता येत नाही हे पोरांना कळू नये म्हणून शिकत नव्हतो. शिकायला बसलं की पहिल्यांदा ते उघड होतं ना.

आता काय करतो सांगतो. पहिली पाळी सुटून दुसरी लागते तेव्हा पंधरावीस मिनिटं मशीन थंड असतात. तेव्हा मी मोजमापाच्या टेबलाशी उभा राहतो. एक पार्ट, एक ड्रॉइंग, आणि ज्या पोरानं तो केला त्यानं मला सांगायचं की हे चिन्ह काय म्हणतंय. पहिले दोन आठवडे पोरं घाबरली, त्यांना वाटलं परीक्षा घेतोय. एकदा मी चुकीचं बोललो, एक आयटीआयचं पोरगं हसलं, मीही हसलो. तिथून सुरळीत.


मोंढा_नाका (मंगळवार, सायंकाळी 6.40)

सगळे लईच हळवे झालेत. मी तीस वर्षं मोंढ्यात अडतीवर बसतोय. एक पुस्तक वाचलं नाही, एक कोर्स केला नाही. धंदा चालू आहे. शिकणंबिकणं हे पोट भरल्यावरचं. अध्यक्ष, तुम्ही ओलाव्याचा हिशेब करत बसा, तोवर भाव पडलेला असतो.


मांजराकाठ (मंगळवार, रात्री 10.10)

शेठ, बरं झालं आलात. मग एक सांगा. 2024 च्या सप्टेंबरात सरकारनं खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं. सगळे म्हणाले आता सोयाबीन उसळणार. आम्ही माल धरून ठेवला. भाव हमीभावाच्या, म्हणजे 4,892 च्या, खालीच लोळत राहिला. तुम्ही मात्र दसऱ्याच्या आधीच मोकळे झालात असं ऐकलं. तुम्हाला कसं कळलं?


मोंढा_नाका (मंगळवार, रात्री 10.55)

ह्यात कसलं आलंय शिक्षण. ऐका.

कच्च्या खाद्यतेलाचं शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं, खरं आहे. पण सोयाबीन म्हणजे तेल नव्हं. शंभर किलो गाळलं तर तेल निघतं अठराएक किलो, बाकी बहुतेक सगळी पेंड. प्लांटवाला भाव देतो तो दोन्ही विकून. तेल चढलं पण पेंड पडली तर त्याच्या हातात काय? आणि पेंड का पडली? एक तर बाहेर ब्राझील, अर्जेंटिनाचा माल मुबलक, आपली पेंड महाग म्हणून निर्यातीला उठाव नाही. दुसरं, इथेनॉलचे कारखाने झाले. मक्यापासून, तांदळापासून इथेनॉल काढलं की मागं चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. तो प्रथिनाला बरा आन् स्वस्त. कोंबडीखाद्यवाले तो घालायला लागले, आपल्या पेंडीचा गिऱ्हाईक तुटला.

मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन प्लांटच्या खरेदीवाल्यांना फोन लावतो. भाव विचारत नाही, भाव तर सगळेच सांगतात. विचारतो की पेंड कुठं चालली. ते उत्तर लांबलं की समजायचं पडून आहे. पुढच्या मे महिन्यात तेच शुल्क साडेसोळावर आणलं, तेव्हाही आधी फोनच लावले.


बीडकर_पुण्यात (मंगळवार, रात्री 11.02)

शेठ, तीस वर्षं रोज सकाळी एकच प्रश्न घेऊन दोन जाणकारांकडं जाताय. आमच्याकडं ह्यालाच कोर्स म्हणतात आणि पैसे घेतात.


मोंढा_नाका (मंगळवार, रात्री 11.06)

मग पाठवा पैसे.


जनाईची_लेक (बुधवार, दुपारी 3.30)

मांजराकाठ दादा, नमस्कार. मी गंगाखेड तालुक्यातली. आमच्या गावच्या ग्रामसंघाची अध्यक्ष आहे, त्यात अकरा बचत गट आहेत. फोन मुलीचा आहे म्हणून दुपारीच लिहिते.

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. वेळ काढायचा म्हणता, पण बाईला वेळ काढता येत नाही. वेळ तिच्याकडून काढून घेतलेला असतो. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईनं काय वेगळी खोली आणि वेगळा तास मागितला होता का? जात्यावर बसूनच झालं सगळं.

माझं शिकणं भाकरीच्या तव्यापाशी होतं. मी थापते, लेक वाचून दाखवते. ती नववीला आहे. परवा गावात कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, बायांना म्हणाला फक्त महिना एक टक्का, तुमच्या गटापेक्षा स्वस्त. आमच्या गटाचा दर महिना दोन टक्के आहे. बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मला उत्तर सुचेना. मी म्हटलं उद्या सांगते. (हे 'उद्या सांगते' म्हणायला मला चार वर्षं लागली बरं का. आधी काहीतरी ठोकून द्यायचे.)

रात्री लेकीनं पाटीवर मांडलं. दहा हजार, बारा हप्ते, एक टक्का. तो माणूस व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवरच धरत होता. महिना शंभर, वर्षाचे 1,200. आमच्या गटात जेवढे उरले तेवढ्यावरच व्याज. एक टक्क्यानं तसं धरलं तर 650 रुपयेच होतात. म्हणजे त्याचा एक टक्का हा आमच्या हिशेबानं दोनच्या जवळ जातो. आमचा दोनचा धरला तर 1,300. फरक उरला शंभर रुपयांचा, वर त्याचा कागदपत्रांचा खर्च आणि विमा वेगळा. आणि आमच्या गटातलं व्याज परत गटातच राहतं, ते बायांचंच.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी नाही, लेकीनं सांगितलं. मी शेंगा फोडत बसले होते. एका आजीनं विचारलं, "मग आपण एक टक्का का नाही करत?" आता पुढच्या बैठकीला तो विषय आहे. तिथं काय सांगू ते अजून शिकायलेय.


तिरकस_बाण (बुधवार, दुपारी 4.12)

ताई, कानाला हात लावला. पुढचं तिरकं मागं घेतो.


गुरुजी_पाथरी (बुधवार, रात्री 9.00)

जनाईची_लेक ताईंनी जे मांडलं ते आमच्या गणिताच्या प्रशिक्षणात मिळत नाही. मी जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक. आम्हा शिक्षकांना वाटतं आपण रोजच ज्ञानाच्या जवळ असतो. खरं म्हणजे मुख्याध्यापक झाल्यापासून मी वर्गाच्या जवळही नसतो. पोषण आहाराची माहिती, यू-डायसवर शाळेची आकडेवारी, शालार्थवर पगारबिलं, मतदार याद्या. प्रशिक्षणं मात्र भरपूर. हजेरी, चहा, प्रोजेक्टर, फोटो, फोटो अपलोड. वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेऊन माणूस कोरडाच राहू शकतो, मी साक्षीला आहे.

दर गुरुवारी दुसऱ्या तासाला मी पहिलीच्या वर्गात मागच्या पट्टीवर बसतो. शेरेबुक नेत नाही. वर्ग एका तरुण बाईंचा आहे. आमच्या शाळेत तांड्यावरची मुलं बरीच, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. मी वीस वर्षं त्यांना 'बोलत नाहीत, लाजाळू आहेत' असं समजत होतो. बाईंनी काय केलं, तर पहिले दोन महिने मुलांकडून त्यांचे शब्द घेतले, भिंतीवर मराठी शब्दाशेजारी लावले. मुलं बाईंना शिकवतात, बाई मुद्दाम चुकतात, वर्ग ओरडून दुरुस्त करतो. लाजाळू म्हणे! दिवाळी झाली की त्यातली निम्मी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. या वर्षी हंगामी वसतिगृहासाठी घरोघर गेलो तेव्हा त्या भिंतीवरचे पंधरावीस शब्द माझ्या कामी आले. एका आजोबांनी त्याच शब्दांवर नातवाला मागं ठेवलं.

मात्र एक कबूल करतो. चार गुरुवारांतला एक तरी वरच्या कार्यालयाचा निरोप खातोच.


मोंढा_नाका (बुधवार, रात्री 9.25)

गुरुजी, असे मास्तर आम्हाला असते तर मी अडतीवर बसलोच नसतो. जाऊ द्या, सोयाबीनचं नुकसान झालं असतं.


उदगीरचा_डॉक्टर (गुरुवार, रात्री 12.40)

रात्रपाळी आहे म्हणून लिहितोय. वीस खाटांचा दवाखाना चालवतो. डॉक्टरांना शिकत राहणं सक्तीचं आहे, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी चालू ठेवायची तर 5 वर्षांत 30 क्रेडिट मिळवावे लागतात. ते मिळतातही. सभागृहात सही, जेवण, परत. गुरुजींचा चहा-प्रोजेक्टर आमच्याकडं जरा भारी हॉटेलात असतो एवढाच फरक.

माझं खरं शिकणं वीस मिनिटांचं आहे. पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात. घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला यंत्र लागत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी आडवी करून बघायचं. गोठलं नसेल तर प्रतिविष. ती वीस मिनिटं डॉक्टरला करण्यासारखं फार काही नसतं, नाडी-दाब बघायचा आणि घड्याळाकडं. पूर्वी मी फोनवर राजकारण बघायचो. एका रात्री ठरवलं की जो रुग्ण समोर आहे त्याच्याच आजाराचं मार्गदर्शक टिपण ह्या वेळात वाचायचं. पहिल्याच रात्री एक ओळ वाचून ताडकन उठलो. नळी साबणाच्या पावडरीनं धुतलेली नसावी, नाहीतर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. प्लास्टिकची नळीही चालत नाही. आतल्या खोलीत जाऊन पाहिलं तर आमच्या सिस्टर नळ्या पावडरीच्या बादलीत घालून घासत होत्या. स्वच्छतेची आवड म्हणून. किती जणांना गरज नसताना प्रतिविष दिलं असेल मी, देव जाणे.

सिस्टरांना रागावलो नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.


तिरकस_बाण (गुरुवार, सकाळी 8.20)

तिरकं नाही, सरळ विचारतो. अध्यक्षांनी ओलावा शिकायचा, कंपनी कायदा शिकायचा, पेंड शिकायची, तर बाकीचे पगार कशाचा घेतात? उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी लागतोच ना कायद्यानं? आणि संचालक पाच ते पंधरा असतात, ते काय फोटोपुरते? सगळं स्वतः शिकायला निघालेला माणूस मला सगळं स्वतः करायला निघालेल्या माणसाचा भाऊ वाटतो.


मांजराकाठ (गुरुवार, रात्री 11.15)

बाण बरोबर लागलाय. आमचा कार्यकारी अधिकारी होता, हुशार होता. केंद्राच्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेतून व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मिळतात, त्यात त्याचा पगार निघायचा. तीन वर्षं सरली, पगार कंपनीच्या कमाईतून काढायची वेळ आली आणि त्याला लातूरला बरी नोकरी मिळाली. जाताना तो सगळं डोक्यात घेऊन गेला. कारण तो असताना मी एकही गोष्ट त्याच्याकडून समजून घेतली नाही. 'तू आहेस ना' म्हणायचो. मला वाटायचं हा विश्वास आहे.

संचालक दहा आहेत. मागच्या बैठकीत मी ताळेबंद सगळ्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, सभासदांचं भांडवल कुठल्या बाजूला आहे ते दाखवा. तिघांनी दाखवलं. मी चौथा असतो की नसतो, सांगत नाही.


वाळूज_लेथ (शुक्रवार, दुपारी 2.05)

मला वाटतं सगळं शिकायचं नाही, पण आपल्या माणसानं चुकीचं सांगितलं तर कान टवकारतील इतकं तरी हवं. मी आजही प्रोग्रॅम लिहू शकत नाही. पण 'साहेब, हे होत नाही' म्हटलं की का होत नाही ते विचारता येतं, आणि उत्तर कळतं.

तुमचं पुढं काय झालं ते मात्र लिहा. इथले निम्मे धागे अर्ध्यावर सुटतात.


मांजराकाठ (पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री 9.45)

लिहा म्हणाला होतात, लिहितो.

कोर्स सोडला. म्हणजे तिसऱ्या व्हिडिओवरच आहे, पण आता त्याची टोचणी नाही. त्याऐवजी दर सोमवारी अकरा ते एक मी काट्याशेजारी स्टुलावर बसतो. फोन पोराच्या गल्ल्यात. पहिला सोमवार भावकीतल्या मयतात गेला. दुसऱ्या सोमवारी फोन गल्ल्यात असताना आमदारांच्या माणसाचे सहा फोन आले, त्याचं ऐकून घेतलं. तिसऱ्यापासून बसलं.

पोराला म्हटलं, साडेचारचा हिशेब सगळ्यांना कळेल असा भिंतीवर लाव. त्यानं खाकी कागदावर तक्ता केला, 12 पासून 18 पर्यंत. सोळाला 4.55, अठराला 6.82 अशी घट. सभासद चिडले. "आपलीच कंपनी आन् आपल्यालाच जास्त कापते!" गर्दी झाली. एक म्हातारे काका, अंगठेबहाद्दर, त्यांनी मला बाजूला सारून पोराला विचारलं, "आणि माझा माल अकरा निघाला तर? मला वाढवून देता का?"

मी पोराकडं बघितलं, पोरगं माझ्याकडं. असला प्रश्न तीन हंगामांत दोघांच्याही मनात आला नव्हता. पावती उलटी केली. ओलावा 11, म्हणजे कोरडा माल 89. भागिले 0.88, 101.14. काकांचं खरं होतं. त्यांच्या क्विंटलमागं आम्ही एक किलो शंभर-दीडशे ग्रॅम फुकट घेत होतो. आणि वाळवून आणणारा नेहमीच फसत होता, ओला आणणारा फायद्यात. मग कोण कशाला वाळवेल?

संचालक मंडळात दोन तास भांडण. एक म्हणाले, बाजारात कुणी देत नाही, आपण का द्यायचं? पोराला बैठकीला बोलावलं होतं, मी त्यालाच फळ्यावर मांडायला लावलं. ठरलं असं की दहा टक्क्यांपर्यंत कोरडा माल आला तर तक्त्याप्रमाणं वजन वाढवून धरायचं. दहाच्या खाली नाही, कारण फार वाळलं की टरफल सुटतं, डाळ फुटते, बियाण्याला तर चालतच नाही. तक्ता आता दोन्ही बाजूंचा आहे. गेल्या आठवड्यात एक जण ताडपत्रीवर चार दिवस माल वाळवून 10.8 वर घेऊन आला आणि काट्यावर मिशीला पीळ देऊन उभा राहिला.

फॉर्मांचंही सांगतो. डिजिटल सही परत आणली. सभा झाल्या दिवशीच दोन तारखा गोदामाच्या दारावर खडूनं लिहिल्या. बीडकर, हे आमचं कॅलेंडर.


जनाईची_लेक (रविवार, रात्री 10.20)

दादा, त्या काकांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडं आजीचा प्रश्न दीड टक्क्यावर मिटला. लेकीनं काढून दाखवलं की एक टक्का केला तर दिवाळीला वाटणी किती कमी होते. बायांनी हात वर करून दीड ठरवला.


मोंढा_नाका (सोमवार, सकाळी 6.50)

अध्यक्ष, कोरड्याला वाढवून द्यायला लागलात तर माझ्याकडं ओला माल तेवढा येईल. हे काही बरं नाही केलंत. तक्त्याचा फोटो पाठवा.


मांजराकाठ (सोमवार, सकाळी 7.15)

पाठवतो शेठ. पेंडीचा निरोप तेवढा रोज द्या.

एक राहिलं. पोरानं काल सुट्टी मागितली. बीकॉमचे पेपर आहेत, लातूरला केंद्र आलंय, आठ दिवस पाहिजेत. हंगाम ऐन भरात आहे. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यानं आधीच म्हटलं, "तुम्ही बसाल ना? आता येतं तुम्हाला."

तर आजपासून आठ दिवस काट्यावर मी आहे. नऊला उघडतो. कुणाचा माल असेल तर सकाळीच आणा, माझा हात अजून हळू चालतो.